तक्त्यातली सातवी ओळ

आजही कुणी माझ्यासमोर दोन गोष्टींची तुलना मांडायला बसलं, की माझं डोकं फिरतं. एके काळी मला स्वतःला तक्ते करायची भारी हौस होती. ती जिरली शिरूरकडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, दोन हजार सालाच्या पुढंमागं.

तिथं गाड्यांचे पत्र्याचे भाग बनत. मी कॉम्प्युटर विभागात होतो, म्हणजे विभागच मी होतो. वरवंडहून मोटारसायकलवर निघायचं, चौफुल्याला वळायचं, न्हावऱ्यात आप्पांना मागं घ्यायचं आणि पुढं कारखाना गाठायचा, असा रोजचा रस्ता.

आप्पा डिस्पॅचला क्लार्क होते. त्याआधी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर. प्रेसनं त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली, तेव्हा मालकांनी त्यांना ही खुर्ची दिली. टेबलावर टर्मिनल होतं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तीन दाबायचं, एंटर, एक दाबायचं, एंटर, की शेजारचा प्रिंटर करकरत मालाचं चलन काढायचा. आप्पा डाव्या हातानं हे इतकं झरझर करत, की ट्रकवाला तंबाखू मळेपर्यंत त्याचा कागद तयार असे. गावात ते स्वतःला ‘कॉम्प्युटरवर हाय’ म्हणवत, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

हे सगळं युनिक्सच्या एका जुन्या सर्व्हरवर चालायचं, माऊसशिवाय. मालकांनी पुण्यात कुणाच्या तरी ऑफिसात विंडोजचा सर्व्हर पाहिला, रंगीत चित्रं पाहिली, माऊस फिरवला आणि खूष होऊन आले. नवा सर्व्हर आलाच. मला म्हणाले, “तीन महिने दोन्ही शेजारी-शेजारी चालव. धंद्याला कुठला बरा, ते लिहून दे. दसरा झाला की ठरवू.”

त्या संध्याकाळी मोटारसायकलवर मागून आप्पांनी विचारलं, “ते माऊसचं आलं तर मला परत पत्र्यात घालत्याल का रं?”

“आप्पा, मी आहे ना. युनिक्सच राहणार.”

किती सहज बोलून गेलो. जसा काही कारखाना माझ्या बापाचा होता.

नव्या सर्व्हरमध्ये वाईट काही नव्हतं, खोटं कशाला बोलू. स्टोअरमधल्या मुली दोन दिवसांत त्यावर काम करायला लागल्या. त्यातली एक डावखुरी होती. तिचा माऊस मी डावीकडं ठेवून बटणं उलटी करून दिली, आणि तीही लागली कामाला. पण मला युनिक्स जिंकायला हवं होतं. आप्पांसाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर हिरव्या अक्षरांपुढं बसून कमांड मारणारा कारखान्यात मी एकटाच होतो, आणि तो तोरा मला सोडवत नव्हता.

तक्ता मात्र झकास केला. न थांबता किती दिवस चालतो, एका वेळी किती जण बसतात, चलन छापायला किती वेळ, व्हायरस, लायसन, बिघडल्यावर कोण येणार, अशा सहा ओळी. जुना सर्व्हर चारशेच्या वर दिवस एकदाही बंद झालेला नव्हता. ते मी ठळक अक्षरांत लिहिलं. सातवी ओळ होती माणसांना शिकवण्याची. तिथं नव्या सर्व्हरच्या रकान्यात मी लिहिलं: ‘डिस्पॅच क्लार्कला हाताच्या व्यंगामुळे माऊस वापरता येणार नाही.’ ही ओळ वाचून मालक विरघळतील, अशी माझी खात्री होती.

मग खंडेनवमी आली. कारखान्यातली झाडून सगळी यंत्रं बंद, धुतलेली, हार घातलेली. आदल्या वर्षी मी नुसत्या टर्मिनलची पूजा करवून सर्व्हर बंद होण्यापासून वाचवला होता. या वेळी मालक स्वतः पूजेला आले आणि दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी बघून म्हणाले, “दोन्ही बंद कर. चालत्या यंत्राला कुणी हळद-कुंकू लावतं का? एक दिवस त्यालाही विश्रांती पाहिजे.”

इतके दिवस न थांबता फिरत राहिलेली सर्व्हरच्या आतली जुनी डिस्क एकदा गार पडली तर पुन्हा फिरेलच असं नसतं. हे मला ठाऊक होतं. “साहेब, हा बंद नको करायला,” एवढं मी एकदा पुटपुटलो. भटजी खोळंबले होते, मालकांच्या हातात नारळ होता. पुढं बोललो नाही. उलट मनात म्हणालो, परवा सगळ्यांदेखत दोन्ही चालू करू, होऊन जाऊ दे. मीच रीतसर कमांड देऊन सर्व्हर बंद केला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. नवा सर्व्हर कपाळाच्या कुंकवासकट चालू झाला. जुन्यातून नुसतं टक-टक आलं. पुन्हा केलं, पुन्हा टक-टक. आप्पा दारात उभे होते. डावा हात खिशात.

मालकांनी माझा तक्ता काढला. “केलायस चांगला. पण चालू कुठला झाला?” मी जुन्याला नवी डिस्क मागवू म्हणालो. ते म्हणाले, सगळी माहिती नव्यातही आहेच की. ते खरंच होतं, तीन महिने मीच दोन्हीकडं भरून घेत होतो. मग त्यांचं बोट सातव्या ओळीवर आलं.

“याला जमणार नाही, असं तूच लिहिलंयस?”

“हो, पण साहेब—”

“बरं झालं लिहिलंस. नाहीतर उगाच महिनाभर शिकवत बसलो असतो.”

आप्पांना गेटवर बसवलं, ट्रकचे नंबर वहीत लिहायला. आठवड्यानंतर ते न्हावऱ्यात माझी वाट बघेनासे झाले. एसटीनं यायला लागले. गेटवर मला बघून मान हलवायचे, तेवढंच.

मी ती नोकरी सोडली. पाच-सहा वर्षांनी न्हावऱ्यात एका दूध संकलन केंद्रापाशी थांबलो, तर आत कॉम्प्युटरपुढं आप्पा. माऊस डाव्या हातात. दूधवाले रांगेत, आणि आप्पा तसेच झरझर.

“बस की,” म्हणाले. “सुनंचं केंद्र हाय. तिनंच शिकवलं. म्हनली, मामा, डाव्या हातानं धरा, बटनं म्या उलटी करून देते. दोन दिसांत आलं बघ.”

मी बसलो. तीन महिने मी दोन सर्व्हरांचा एकेक सेकंद मोजला होता. या माणसाच्या हातात अर्धा तास माऊस देऊन बघावं, हे मला सुचलं नव्हतं.

पुढच्या माणसाच्या दुधाची पावती काढत आप्पांनी विचारलं, “असं डावीकडं लावता येतंय, ते तवा तुला ठाव नव्हतं व्हय?” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“नव्हतं, आप्पा,” मी म्हणालो.

“मंग तू तरी काय करशील,” असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मी तो पिऊन निघालो.