भरल्या गाडीची शिकवणी

पिशोरच्या गंगूआत्याचं नाव मी आधी घेतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मला तिथवर पोचवलं ते वडिलांच्या या थोरल्या बहिणीनं. तेव्हाच्या औरंगाबादेत मी कॉलेजात होतो ती सगळी वर्षं तिचा डबा सकाळच्या एसटीनं यायचा. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांचं जेवण असंच गावाहून येई. दुपारी स्थानकावर आम्ही ताटकळत उभे असू आणि ड्रायव्हर आपल्या शेजारच्या इंजिनाच्या झाकणावरून एकेक डबा खाली देई. फडक्याची गाठ सोडली की मेथीच्या भाजीचा, शेंगदाण्याच्या तेलाचा आणि त्यांच्यामागून डिझेलचा वास येई. भाकरी मात्र कोमट असे. ही ऊब आत्याच्या चुलीची की इंजिनाची, हा विचार मला इतिहासाच्या अख्ख्या तासाला पुरायचा. हळूहळू माझी नजर डब्यावरून डबा देणाऱ्या हातांकडे वळली, आणि मग त्या चेहऱ्याकडे, ज्यावर मागं टाकून आलेल्या गावांची एक निवांत धूळ असायची.

बी.ए. झालो. अर्ज करत होतो, आणि दोन अर्जांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत ट्रक चालवायला शिकवणाऱ्या शाळा पाहत हिंडत होतो. हलक्या गाडीचा परवाना आधीच काढला होता. तो काढताना घरी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. शहरातली पहिली शाळा नीटनेटकी होती. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे रंगीत तक्ते, काचेच्या टेबलामागं सौम्य बोलणारे मास्तर. त्यांचा धुतलेला, रिकामा ट्रक मैदानात शांतपणे गोल फिरत होता. परवान्याची काळजी आमच्यावर सोडा, ते म्हणाले. मी मान डोलावून बाहेर पडलो, पण मनात काहीतरी अपुरं राहिलं. मला परवान्याहून अधिक काही कळून घ्यायचं होतं, आणि ते काय, हे मलाही सांगता आलं नसतं.

दुसरी शाळा पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला. मार्गशीर्षातली सकाळ होती. वीटभट्ट्यांचा धूर जमिनीलगत अंथरलेला, ओल्या मातीचा आणि जळत्या भुशाचा वास, आणि दूर धुक्यात किल्ल्याचा डोंगर नुसता पुसट कडेपुरता उरलेला. रशीद उस्तादांची शाळा म्हणजे एक कडुलिंबाचं झाड, एक बाज आणि एक म्हातारा ट्रक. तो विटांनी गच्च भरलेला होता. शिकणारी पोरं तो चालवत शहरातल्या बांधकामावर नेत, तिथं माल उतरे, आणि शिकवणी संपे. विटा उस्तादांच्या मेव्हण्याच्या भट्टीवरच्या होत्या.

"उस्ताद, फी आमची अन् विटा तुमच्या मेव्हण्याच्या? लई भारी हाय हे!" मुकुंदवाडीचा एक जण म्हणाला.

"फिर क्या, रेत भरके घुमाऊं तुमकू?" उस्ताद बाजेवरून उठलेही नाहीत. "और सुनो, एक भी ईंट टूटी तो तुम्हारी भाभी मेरे कू खाना नक्को बोलती. आराम से चलाना, मियां. मैं भूका मरूंगा."

मी त्याच दिवशी तिथं नाव घातलं. रिकामी गाडी सांगितलेलं लगेच ऐकते. भरलेली आधी थोडा विचार करते. ब्रेकवर पाय ठेवल्यानंतर आणि गाडी थांबण्याआधी एक लांबट क्षण असतो, त्यात मागचं सगळं ओझं अजून पुढंच चाललेलं असतं. त्या क्षणाचं मला विलक्षण कुतूहल वाटे. वळणावर विटा एकमेकींना टेकत, त्यांचा बारीक किणकिणाट पाठीला जाणवे. एकदा म्हैस आडवी आली, मी पाय दाबला आणि मागं विटांची एक रांग कोसळली. उस्तादांनी कपाळाला हात लावला. "गया मेरा सालन!" ते रात्रीच्या कालवणाच्या काळजीनं म्हणाले आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

फाल्गुनात परवाना हातात आला, तेव्हा रस्त्याकडेचे पळस पेटले होते. धान्याच्या मोंढ्यातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये काम मागायला गेलो. जाधव मालकांनी माझा कागद वाचला, चष्मा कपाळावर नेला.

"बी.ए.? मंग स्टेअरिंगला कामून हात लावतो बाबा? आत ये, पंख्याखाली बस. बिल्ट्या लिही. शिकलेलं माणूस मला पायजेच व्हतं."

ज्या खुर्चीसाठी आत्यानं मला शिकवलं, ती खुर्ची समोर होती. उद्या सांगतो म्हणून मी बाहेर आलो आणि मोंढ्यात उगाच फिरत राहिलो. धान्याच्या धुळीत ऊन तिरपं उतरलं होतं. बिल्टीवर, मालासोबतच्या त्या पावतीवर, कुणीतरी गावांची नावं लिहितो आणि कुणीतरी त्या गावांना जातो. लिहिणाऱ्याला सावली मिळते. मला सावली नकोशी नव्हती. पण ती नावं रोज लिहून, ती गावं कशी आहेत ते न पाहता, मी म्हातारा झालो तर?

सकाळी मालकांना म्हटलं, "गाडीच द्या."

"बघ हं. खुर्ची उद्या दुसरा कुणी धरंल. मंग माझ्याकडं रडत येऊ नको."

ज्यांच्या हाताखाली मला दुसरा ड्रायव्हर म्हणून दिलं ते नामदेवअण्णा केबिनमधून वाकून बघत होते. "चढा साहेब," ते म्हणाले, "हितं पंखा नाय, खिडकी हाय."

आता आत्याला कळवायचं राहिलं होतं. तिला वाचता येत नसे. माझं प्रत्येक पत्र पोस्टमनकाका तिच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत आणि निम्मी गल्ली ऐकायला जमे. त्याच गल्लीला तिनं वर्षानुवर्षं सांगितलं होतं की आमचा पोरगा साहेब होणार. मी लिहिलं ते असं:

"तीर्थरूप गंगूआत्यास शिरसाष्टांग नमस्कार. पोस्टमनकाकांनी हे पत्र नेहमीसारखं मोठ्यानंच वाचावं, काही गाळू नये. आत्या, मला हापिसातली खुर्ची मिळाली होती. मी घेतली नाही. मी ट्रकवर लागलो आहे. तू शिकवलंस ते वाया गेलं का, हे मला ठाऊक नाही. एवढंच कळतं की तू शिकवलं नसतंस तर मला खुर्ची नको म्हणता आलं नसतं. येत्या बाजाराच्या दिवशी आमची गाडी हरभरा भरायला पिशोरला येते आहे. दुपारपर्यंत ती बाजारतळावर उभी असेल. केबिनची पायरी उंच आहे, पण तू आलीस तर मी हात देईन, आणि कन्नडच्या फाट्यापर्यंत तुला माझ्या शेजारी बसवून नेईन. नाही आलीस तरी मी रुसणार नाही. तुला अवघडायला नको म्हणून तुझ्या गल्लीवरून जाताना हॉर्न वाजवणार नाही."