मृत्यूचे ठिकाण

सुरतच्या नवागाममधल्या खानदेशी गल्ल्यांत कुणी गेलं की सुकलाल नानांना पहिली हाक जायची. लूमवर चाळीस वर्षं काढून कानाने अधू झालेला माणूस, पण मयताच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी ठरवायची, घरोघर फिरून वर्गणी काढायची, बर्फाच्या लाद्या आणायच्या आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसून मयत थेट खानदेशात तापीकाठच्या गावात न्यायचं. पोट सुरतेत भरा, पण जळायचं आपल्याच मातीत, हा नानांचा कायदा. सत्तावीस माणसं त्यांनी अशी पोचवली होती, आणि तो आकडा ते न विचारता सांगायचे.

गावात पोचलं की एक छोटंसं खोटं बोलावं लागे. ग्रामसेवक विचारायचा, कुठे वारला? सुरतेत म्हटलं की तो तिथल्या डॉक्टरचा कागद मागणार, नोंद अडकणार. म्हणून नाना सांगायचे, आजारपणात गावी आला होता, घरातच गेला. ग्रामसेवक ओळखीचा, लगेच लिहून घ्यायचा. यात कुणाचं वाईट होतं असं नानांना कधी वाटलं नाही. कारण वाईट व्हायचं ते बायांचं, आणि बायांना विचारतो कोण?

मग गेल्या माघात त्यांचाच मुलगा गेला. योगेंद्र बमरोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला, चहाचा कप हातात घेतला आणि भिंतीला टेकला तो टेकलाच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने नाडी बघून मान हलवली. वय चौतीस. मागे बायको नूतन आणि चौथीतली सोनाली. त्या आकांतातही नूतन सासऱ्याला एकच गोष्ट बोलली होती.

"नाना, पहिले डॉक्टरना कागद लई लेऊत."

नाना तिच्यावर खेकसले, ही काय कागद काढायची वेळ आहे? गाडी दारात उभी होती. संध्याकाळी सरण पेटलं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाने विचारलं तेव्हा नाना आपल्या पोटच्या पोराबद्दल सवयीने तेच खोटं बोलून गेले, "आठेच वारना. लिखी ल्या."

दोन महिन्यांनी नूतनला कुणीतरी सांगितलं, की कमावता माणूस गेलेल्या गरीब घराला पालिकेतून एकरकमी मदत मिळते. तेवढ्यावर वर्षभराचं खोलीभाडं निघालं असतं. ती ब्लाउजना हुक लावून पोट भरत होतीच. खोली टिकली तर सोनालीची शाळा टिकणार होती, नाहीतर दोघींना माहेरी भावाच्या दारात जाऊन बसावं लागणार होतं. नाना स्वतः तिच्याबरोबर वॉर्डाच्या कचेरीत गेले. इतक्या लोकांची कामं केली, हे तर घरचं काम, अशा तोऱ्यात गेले.

कारकुनाने दाखला उलटसुलट पाहिला. मृत्यूचे ठिकाण या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, आ तो महाराष्ट्रनुं छे." मदत शहरात राहून शहरात वारलेल्यांसाठी आहे, हा माणूस गावी वारला असं तुमचाच कागद सांगतो. माणूस वाईट नव्हता, पाणीसुद्धा विचारलं त्याने. पण कागद परत दिला.

नाना गावी धावले. ग्रामसेवक म्हणाला, नोंद बदलायची तर सुरतेत मेल्याचा पुरावा आणा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने इतक्या दिवसांनी सही करायला साफ नकार दिला. बरं, गावाकडची तरी मदत द्या म्हटलं, तर रेशनकार्ड सुरतचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही नानांनी स्वतःच्या हाताने खणलेल्या. जूनमध्ये नूतनने खोली सोडली. सासऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं नाना अजून म्हणतात.

परवा गल्लीतला धुडकू गेला. त्याचे भाऊ रीतीप्रमाणे नानांकडे आले, गाडी सांगा म्हणाले. नाना म्हणाले, गाडी नको. त्याला इथेच अग्नी द्या, आधी इथला दाखला घ्या, तापी इथेही तीच आहे. मोठा भाऊ म्हणाला, स्वतःचं पोरगं गावी नेलं आणि आम्हाला इथे जाळायला सांगता?

"योगूले लई गऊ, म्हनीसनच सांगस," नाना म्हणाले.

ते कुणाच्या कानात शिरलं नाही. भावांनीच गाडी आणली, वर्गणी काढली. नानांनीही आपला वाटा दिला, तेवढी लाज अजून सुटली नव्हती. ड्रायव्हरशेजारची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती, पण ते बसले नाहीत. मागच्या दाराशी धुडकूची बायको कमल दोन पोरींना घेऊन मयताशेजारी बसली होती. नाना तिच्याजवळ गेले.

"बाई, गावमा इचारतीन कोठे वारना. सुरत सांगजो."

कमलने पदर सावरला. तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं.

"मी कोठे बोलसू, नाना? तठे तं गडीमाणसेच बोलतस."

धुडकूच्या भावाने बाहेरून दार लावून घेतलं आणि तो पुढे जाऊन नानांच्या जागेवर बसला.