इंजिनाला हळदकुंकू

लेकीच्या हळदीच्या सकाळी आमच्या घरात सगळं वेळेवर चाललं होतं, फक्त गाडी चालत नव्हती.

गाडी म्हणजे आमची जुनीपुराणी पेट्रोलची गाडी. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, मागची काच हाताने ओढून वर घ्यावी लागते. ती विकायचा विषय निघाला की मीच आडवी येते. कारण एकच. माझ्या आईला जगातल्या सगळ्या गाड्या लागतात, ही सोडून. एसटीत ती पुढच्या थांब्यापर्यंत टिकत नाही. जीप नुसती लांबून दिसली तरी तिचा पदर तोंडाला जातो. नव्या गाड्यांचा तर वासच पुरे होतो. आणि एकदा का उलटी झाली, की दिवसभर तिचा घसा बसतो.

बसला तर बसला, असं म्हणता आलं असतं, पण आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले म्हणते, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि त्यात घरच्यांची नावं गुंफते. तिने सूर लावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. मुरबाडकडच्या कितीतरी संसारांची सुरुवात माझ्या आईच्या गळ्यातून झालीय. एकाच लग्नात तिचं अडलं. माझ्या! पहिली ओळ म्हटली, माझं नाव घ्यायची वेळ आली आणि बाई ढसाढसा रडायला लागली. बाकीच्या बायकांनी निभावून नेलं, पण आईच्या धवल्यात माझं नाव काही आलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. (हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.) आता माझ्या प्राचीने हट्ट धरला होता, आजी गायल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. तेव्हा आईला मुरबाडच्या पुढच्या गावातून शहापूरला ओकू न देता आणायचं, एवढं एकच काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

आणि गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडून फोटो काढला आणि आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. गाडी भाताच्या पेंढ्याशेजारी उभी असते, तिथल्या उंदरांनी इंजेक्टरचे कनेक्टर कुरतडले होते. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नळ, आमच्या गाडीला चार. प्रत्येकाच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी आणि तिला दोन वायरी, तो कनेक्टर. नवे कनेक्टर दुकानात आहेत, घेऊन जा म्हणाला, पण बसवायला तो येणार नव्हता. त्याच्याही भाच्याचं लग्न होतं.

"दुसऱ्या कुणाची गाडी सांगू का?" आमच्या ह्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते मांडवाकडे निघून गेले.

कनेक्टर मीच जाऊन आणले. मी काही अगदीच अडाणी नव्हे. मी मिक्सर दुरुस्त केलाय. इस्त्री दुरुस्त केलीय. (त्या इस्त्रीचा शॉक फक्त पावसाळ्यात बसतो.) मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, त्यातला मुलगा हसत हसत करत होता. जुनी टोपी कापायची, नवी तिच्या वायरींना जोडायची, वर टेप गुंडाळायची. झालं! अडचण एवढीच, की आमच्या गाडीच्या सगळ्या वायरी तेलाने काळ्याठिक्कर, कुठली कुठल्या इंजेक्टरची ते कापल्यावर कळणार कसं? व्हिडिओतल्या मुलाकडे रंगीत चिकटपट्ट्या होत्या. माझ्याकडे लग्नघर होतं. मी पहिल्याच्या वायरींना ओली हळद लावली, दुसऱ्याच्या वायरींना कुंकू, तिसऱ्याच्या वायरींना सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना, आणि चौथा तसाच ठेवला. माझ्या हुशारीचं मलाच इतकं कौतुक वाटलं की मी चारही टोप्या एकदमच कापून टाकल्या.

तेवढ्यात मांडववाल्याने हाक मारली म्हणून गेले. परत येऊन बघते तर सासूबाई बॉनेटपाशी, हातात पूजेचं ताट. बॅटरीवर झेंडूचं फूल, रेडिएटरच्या झाकणावर अक्षता, आणि एकूण एक वायरीला हळदही लागलेली, कुंकूही लागलेलं. चुना त्यांनी पदराने स्वच्छ पुसून काढला होता, घाण बसली म्हणून.

"अहो आई, हे काय केलंत?"

"गाडी धवलारणीला आनाया चाललीय ना गो? कुनाला लावलं नि कुनाला नाय, बरं दिसतं का ते? सगल्यांना लावलं."

त्यांच्याशी भांडायला वेळ नव्हता, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवेना. दसऱ्याला आपण गाडीला बाहेरून हळदकुंकू लावतो, त्यांनी आतून लावलं. इतकं मनापासून लावलं होतं की मलाच भरून आलं. डोळे पुसले आणि अंदाजाने वायरी जोडायला घेतल्या.

गाडी सुरू झाली. पण अशी थरथरायला लागली की काचेवरचा गणपती नाचायला लागला. व्हिडिओत तपासायची रीत सांगितली होती. इंजिन चालू ठेवून एकेक कनेक्टर काढायचा, आवाज पडला तर तो कामाचा, फरक नाही पडला तर तोच कामचुकार. पहिला काढला, आवाज पडला. दुसरा, पडला. तिसरा काढला, तर इंजिनाला पत्ताच नाही. तो सोडवला, पुन्हा जोडला, वायरींची अदलाबदल केली, सासूबाईंना दृष्ट काढायला लावली. तिसरा ढिम्म. ऊन कलायला लागलं तशी मी तिघांच्याच भरवशावर निघाले.

किन्हवलीच्या पुढच्या चढावर मला सायकलवाल्याने मागे टाकलं. वर त्याने वळून मला हात केला.

आई ओट्यावर नवं लुगडं नेसून तयार बसली होती. गाडी बघून म्हणाली, "हिला थंडी वाजते का गो?" मी उंदरापासून सासूबाईंच्या कुंकवापर्यंत सगळं सांगितलं आणि म्हटलं, बस तू. बसली. निघालो. माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे आणि अर्धं तिच्या तोंडाकडे. एरवी ह्या गाडीत अखंड बडबड करणारी माझी आई, आज डोळे मिटून गप्प. ओठ घट्ट. मधूनच नुसते हलायचे. लिंबू पुढे केलं, तिने हाताने सारलं. मळमळतंय का विचारलं, तर गप्प राहा म्हणून खूण केली. माझा जीव टांगणीला लागला. हिच्यासाठी एवढा घाट घातला, आणि माझ्याच हातच्या कामाने हिचा गळा जाणार! तिकडे प्राचीचा फोनवर फोन, आजी निघाली का, आजी कुठवर आली.

शहापूर आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मांडव समोर दिसत असताना गाडीने शेवटचा आचका दिला आणि बंद पडली. ढोलाचा आवाज येत होता. घरातल्या बायका, हात हळदीने पिवळे, धावत आल्या आणि न सांगताच मागून गाडी ढकलायला लागल्या. त्याच धक्क्याने आई पुढे झुकली, तिचं तोंड उघडलं, आणि मी झडप घालून तिच्या हनुवटीखाली प्लास्टिकची पिशवी धरली.

पिशवीत धवला आला.

*"गाडी आली गो, गाडी आली, सुनंदाची गाडी आली,*
*तीन पायांवर लंगडत आली, आयेला घेऊन आली…"*

सुनंदा म्हणजे मी. बायकांनी मागून ओळ उचलली आणि ओळीगणिक धक्का मारायला लागल्या. आई सगळी वाट हे जुळवत बसली होती! तिच्या गाण्यात माझे काळे हात आले, उंदीर आला, माझ्या सासूचं कुंकू आलं, आणि प्रत्येक ओळीत माझं नाव. आवाज खणखणीत. मी ती पिशवी तशीच धरून बसले होते, स्टिअरिंग कोण फिरवतंय कुणास ठाऊक, आणि मला रडू आवरेना.

मांडवाच्या दारात गाडी थांबली तशी आईने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"तुज्या लग्नात राह्यला होता," ती म्हणाली. "तवा रडू आलं मला. आता तू रड, मी गाते."

प्राची पाटावर बसली, आई गायली, हळद लागली, सगळं झकास झालं. मेकॅनिकने नंतर गाडी उघडली, आतलं हळदकुंकू बघितलं आणि चप्पल काढून कामाला लागला.

आईचा तो धवला मात्र बायकांना फार आवडला. आता कुठेही हळद असो, नवरी कुणाचीही असो, तो म्हटल्याशिवाय त्यांचं भागत नाही. परवा मुरबाडला एका लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने माझं नाव विचारलं. सुनंदा, म्हटलं. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्या आदराने विचारलं, "गाडी बिघडवनारी का?"

मी मान ताठ करून म्हणाले, "हो. तीच."