स्वीडनचे पाहुणे

मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर हेडक्लार्कनी अकरा वर्षं काढली. पण मास्तरांविषयी त्यांना जे ठाऊक होतं ते एका पोस्टकार्डावर मावून पत्त्याला जागा उरली असती. मास्तर टायपिस्ट होते. चहात साखर घेत नसत. बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत. घरी कोण असतं हे विचारायचं राहूनच गेलं. आधी ओळख कमी म्हणून, मग इतक्या वर्षांनी विचारायचं कसं म्हणून.

शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मास्तर हे नाव ऑफिसनं पाडलेलं, त्यांच्या वहीमुळे. कंपनी पाण्याचे पंप बनवून देशोदेशी पाठवायची. नव्या देशाचं पत्र आलं की मास्तर वहीत डावीकडे देशाचं नाव लिहीत आणि उजवीकडे तिथल्या माणसाला, मालाला इंग्रजीत काय म्हणायचं ते. डेन्मार्क, डॅनिश. पोलंड, पोलिश. एकदा ते म्हणाले होते की इंग्रजीत देशांचीही लग्नं झालेली दिसतात. नेदरलँड्स हे सासरचं नाव आणि डच माहेरचं, दोन्ही पाठ असलेली बरी. अकरा वर्षांत त्यांनी केलेला हा एवढा एकच विनोद.

त्यांची आणखी एक सवय होती. पत्र टाइप झालं की त्याच्या कार्बनप्रतीमागे ते हातानं लिहिलेला मूळ मसुदा टाचणीनं लावून ठेवीत. म्हणजे चूक कुणाची, हा वादच नको.

स्वीडनचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. निमंत्रणाचा मसुदा हेडक्लार्कनी लिहिला आणि त्यात पाहुण्यांना तीन ठिकाणी 'स्विस' म्हटलं. मास्तर कागद घेऊन उठून आले.

"साहेब, स्विस म्हणजे स्वित्झर्लंडचे. हे स्वीडिश."

अगदी हळू बोलले होते, पण पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनानं ऐकलं आणि तो गालात हसला. हेडक्लार्कच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मास्तर, भूगोलाचा तास सुटी झाल्यावर घ्या. लिहिलंय तसं टाइप करा."

मास्तरांनी लिहिलंय तसं टाइप केलं.

पाहुणे आले. जेवताना त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर मॅनेजरना म्हणाला की आम्ही स्वित्झर्लंडचे नाही, पण तिथलं चॉकलेट आम्हालाही आवडतं. सगळे हसले. मॅनेजरही हसले आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी दोघांना फाईल घेऊन आत बोलावलं.

बढतीची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. हे कुणाचं काम, असं मॅनेजरनी विचारलं आणि हेडक्लार्कच्या तोंडून निघून गेलं की टायपिंगची चूक दिसतेय. बोलून झाल्यावर मागे टाचलेला मसुदा आठवला. मॅनेजरनी कार्बनप्रत उलटली.

मागे काहीच नव्हतं. कोपऱ्यात टाचणीची दोन बारीक भोकं होती.

"चूक झाली," मास्तर म्हणाले. ते हेडक्लार्कच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते.

मास्तरांची खिडकीजवळची खुर्ची गेली. त्यांना गोदामात, खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवायला पाठवलं. हेडक्लार्कचं नाव यादीत वरून दुसरं लागलं. पेढे वाटताना त्यांनी गोदामात पुडा शिपायाच्या हातानं पाठवला, स्वतः गेले नाहीत. पुढे त्याच शिपायानं बोलता बोलता सांगितलं की मास्तरांच्या घरी एक आंधळी बहीण आहे. संध्याकाळी दार उघडलं की ती विचारायची, आज कुठल्या देशाचं पत्र आलं? मग मास्तर वही वाचून दाखवायचे. गोदामात पत्रं येत नाहीत, असं म्हणून शिपाई कपबशा उचलून गेला.

त्यानंतर हेडक्लार्क चार-पाच वेळा गोदामाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. कधी आत हमाल होते, कधी फाईल हातात राहिली होती. कारणाला काय तोटा.

शेवटी मास्तरांचा नोकरीचा अखेरचा दिवस उजाडला, तेव्हा मात्र हेडक्लार्क आत शिरले. मास्तर डिंकाची बाटली पुसून फडताळात ठेवत होते. वही तिथंच होती, वर धूळ बसलेली. मसुदा का काढलात, हे विचारायचं आणि मग उरलेलं सांगायचं, असं हेडक्लार्क जिन्यावरून घोकत आले होते. ते उभे राहिले. मास्तरांनी त्यांना बसायला म्हणून खोक्यावरचा कागदाचा कपटा झटकला.

"साहेब, वरच्या मशीनवर नवीन माणूस आलाय ना?"

"हो."

"त्याला सांगा, रिबन उलटी करून लावली तर अजून महिनाभर चालते."

"सांगतो," हेडक्लार्क म्हणाले.