वजा झालेला रस्ता

कुठेही न जाणारा रस्ता सरकारने स्वतःच्या खर्चाने करून द्यावा, असे मनापासून वाटणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि नेमक्या त्याच्याच घरात मी भाडेकरू होतो. सेलूच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मला खोली हवी होती. खोली मिळाली, आणि तिच्यासोबत घरमालकही मिळाले. तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. खाली धोतर, मध्ये गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी आणि पोलीस ॲक्शननंतर रुमी टोपीच्या जागी आलेली पांढरी टोपी. मालकांकडे खालून वर पाहत गेले की राज्ये बदलत जायची. भाषा मात्र कचेरीची ती कचेरीचीच राहिली. भाजी आवडली नाही तर ते "फेरविचार व्हावा" म्हणत आणि दुसऱ्यांदा चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून "मंजुरी हाय का?" असे विचारत. आतून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उत्तर देत, "नामंजूर!" आणि पाठोपाठ चहा येई.

या काकूंपायीच तो रस्ता हवा होता. त्यांच्या पायांना सूज यायची, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. डॉक्टरांनी बजावले होते, रोज मोकळ्या हवेत चाला, नाहीतर अंथरूण धराल. आता चालायचे कुठे? घरापुढच्या सडकेवर कापसाच्या गाड्यांची रांग, धुरळा, जिनिंगचा भोंगा आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, "कुठं निघालात?" आमच्याकडे घराबाहेर पडलेल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. "उगीच" हे उत्तर चालत नाही. काकू बिचाऱ्या गडबडून "कासाराकडं" म्हणायच्या, आणि म्हटल्यासारखे करायला हवे म्हणून खरोखर कासाराकडे जाऊन बांगड्या भरून यायच्या. तब्येत होती तिथेच राहिली, हात मात्र कोपरापर्यंत भरले. मग मालकांनी त्यांना अंगणात तुळशीभोवती फिरवून पाहिले. त्यात काकूंना चक्कर आली.

तेव्हा मालकांनी सरकारकडे अर्ज केला. जिनिंगच्या मागून ओढ्याच्या कडेने लिंबांच्या सावलीत एक जुनी गाडीवाट जात असे, पण कापसाच्या गाड्यांची वर्दळ तिच्यावरही होती. ती केवळ पायी हवाखोरीसाठी राखून ठेवावी, तिच्यावर मुरूम टाकावा, झाडे जपावीत, आणि हा खर्च लोकलफंडातून व्हावा, अशी मागणी. अर्ज अर्थातच अस्सल उर्दूत होता, कारण उर्दूशिवाय दुसऱ्या भाषेत अर्ज केला तर तो पोचतच नाही अशी त्यांची समजूत होती. मी भीत भीत म्हणालो, "मालक, सरकारला शाळा बांधायच्यात, दवाखाने बांधायचेत. फिरायच्या वाटेला पैसा कोण देणार?"

"मास्तर, सरकार पोटाचं बघायलंय, डोक्याचं बघायलंय," ते म्हणाले. "पायानं काय गुन्हा केला?"

चौकशीला ओव्हरसियर आला. भला माणूस होता, पण त्याच्याजवळच्या कागदावर रस्ता कुठून आणि कुठपर्यंत, अशा दोन जागा भरायच्या होत्या. गाव गावाला जोडले जात असेल, शेत बाजाराला जोडले जात असेल, तरच रस्त्याला पैसा, असे धोरण.

"कुठून?" त्याने विचारले.

"माझ्या दारापासून."

"कुठपर्यंत?"

"माझ्या दारापर्यंत."

ओव्हरसियरने पेन्सिल कानावर ठेवली. मग मालकांचा पडलेला चेहरा पाहून त्यालाच कीव आली असावी. हळूच म्हणाला, "पेशकारसाहेब, स्मशानापर्यंत लिहा. त्याला पैसा लगेच मिळतो. ओढ्याच्या पल्याड हायच की."

मालक एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "तिला जगवायला रस्ता मागायलोय मी!" ते ओरडले. "अन् रोज तिकडं नेऊ व्हय?" आत भांड्यांचा आवाज थांबला. ओव्हरसियर चहा न घेताच गेला.

मग अर्ज फिरत राहिला. हैदराबादला गेला, परत आला, इंग्रजी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, जोडा म्हणून पुन्हा गेला. दरम्यान राज्यच बदलले, आम्ही मुंबईला जोडले गेलो आणि कारभार मराठीत आला. मालक दौऱ्यावर आलेल्या प्रत्येक साहेबाला ओढ्याकाठी नेत. एक साहेब जीपमधून उतरायलाच तयार होईना, तर हे जीपच्या कडेने चालत त्याला लिंबाच्या सावलीचे फायदे सांगत गेले. इकडे काकूंची सूज गुडघ्यापर्यंत चढली. मालकांचा विनोद कमी झाला, चहाची मंजुरी मागणे बंद पडले.

आणि एके दिवशी हुकूम आला. मराठीत, टाइप केलेला. "सदर रस्ता यादीतून वजा करण्यात येत आहे." मालकांनी तो वाचला आणि माझ्या हातात दिला. मी जोडलेले कागद चाळले तेव्हा कुठे उलगडा झाला. मूळ अर्जात मालकांनी लिहिले होते, 'रास्ता बराए तफरीह', म्हणजे हवाखोरीचा रस्ता. कचेरीतल्या नव्या तर्जुमेवाल्याने तफरीहचे वाचले तफरीक. मोंगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, शाळेत गणित शिकलेल्या कोणालाही विचारा, तफरीक म्हणजे वजाबाकी! अर्जदाराची वजाबाकीची मागणी सरकारने तत्परतेने मान्य केली होती.

"अपील करू," मी म्हणालो. पण आठवडाभरात त्या हुकमाची अंमलबजावणी झाली. यादीतून गेलेल्या वाटेवर गाड्या जाऊ नयेत म्हणून दोन्ही तोंडांना चर खणले गेले आणि कापसाच्या गाड्या मुकाट्याने घरापुढच्या सडकेने जाऊ लागल्या. मालक ते पाहून धावतच घरी आले. टोपी हातात. "मास्तर, गाडी न्हाई, माणूस न्हाई, इचारायला कुणी न्हाई! लय मेहेरबान सरकार हाय आपलं!" आयुष्यभर इतरांच्या अर्जातल्या चुका काढलेल्या या माणसाने त्या एका चुकीबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्याच संध्याकाळी ते काकूंना घेऊन निघाले, आणि साक्षीला म्हणून मलाही नेले. चर ओलांडताना काकूंचा हात त्यांनी धरला आणि पलीकडे जाताच सोडला. मग मालक पुढे, काकू रिवाजाप्रमाणे मागे. ते थांबले की काकूही थांबत.

"अगं, ये की बरोबर."

"तुमी व्हा पुढं. मास्तर बघायल्यात."

मालकांनी खाली पाहिले. वर्षानुवर्षे गाड्या जाऊन जमिनीत दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या, मध्ये गवताचा पट्टा. ते म्हणाले, "ती चाकोरी तुझी, ही माझी. आता कोण पुढं अन् कोण मागं?" काकू लाजल्या, पण आपल्या चाकोरीत उतरल्या. आणि ते दोघे शेजारी शेजारी चालू लागले, मध्ये गवत ठेवून. घरात आधी सासूसासरे, मग पै-पाहुणे, भाडेकरू. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना सलग बोलायला मिळाले ते बहुधा तिथेच. मला त्या घटकेला दोघे फार आवडले. मी मागच्या मागे परतलो.

काकूंची सूज उतरली. चांगली तीन-चार वर्षे उतरलेली राहिली. मग माझी मानवतला बदली झाली आणि तिथे असतानाच काकू गेल्याचे कळले. भेटायला गेलो तेव्हा मालकांनी शेरवानी चढवली, म्हणाले, "चला, फिरून येऊ." वाट आता चांगलीच गवताळली होती. चर ओलांडून ते आपल्या चाकोरीत उतरले. बोलायला बरे पडेल म्हणून मी सहज शेजारच्या चाकोरीत पाय टाकला, तर त्यांनी माझा दंड धरून मला अलगद बाहेर काढले.

"तिकडून नको मास्तर," ते म्हणाले. "माझ्या मागनं या."

मी त्यांच्या मागून चालू लागलो. ते चालता चालता बोलत होते, मान डावीकडे वळवून, हळू आवाजात. मला नीटसे ऐकू येत नव्हते, आणि ते माझ्याशी बोलतही नव्हते.