दाराबाहेरचा भाऊ
स्पिरिटचा वास आला की पन्नास वर्षांपूर्वीची शिराळ्याजवळच्या दवाखान्यातली दुपार आठवते. मी तिथं नर्स होते. बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीचा घाव बसलेल्या तरुणाला डॉक्टर टाके घालत होते, तेवढ्यात एक जण कुऱ्हाड घेऊन धावत येताना खिडकीतून दिसला. अशा वेळी काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दाराला कडीही नव्हती. मी लोखंडी खाट ओढून लावली आणि अंगानं रेटून धरली. बाहेरून धक्के बसू लागले. “बाई, उघडा. माझा भाऊ हाय त्यो,” जखमी कण्हत म्हणाला. “वार कुणी केला?” डॉक्टरांनी विचारलं. “त्येनंच.” मी खाट सोडली नाही. पोलीस आले तोवर तरुणानं प्राण सोडला होता आणि बाहेर भाऊ पायरीवर डोकं आपटून घेत होता. दार उघडलं असतं तर त्यांची भेट झाली असती की दुसरा घाव बसला असता, हे मी अजून स्वतःला विचारते.