पृथ्वी मोजणारे साहेब आणि आमची जीप

आमच्या साताऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. जोडी हरवलेले नट, बोल्ट, वायसर त्यात पडत राहतात. विकले जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. कधीतरी डबा उपडा केला की तासभर जातो. आगाशे साहेबांच्या गोष्टी माझ्याकडे तशाच साचल्यात.

साहेब शास्त्रज्ञ. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही. ती कुठं दबलीय, कुठं फुगलीय, हे मोजणं त्यांचं काम. नव्वदनंतरची गोष्ट. महाबळेश्वरपासून जतपर्यंत एक लाईन मोजायची होती. रिटायर व्हायला एकच वर्ष राहिलेलं. "ही लाईन जुळली की मी मोकळा," असं म्हणायचे.

*

पहिल्यांदा आले ते ओळंबा घ्यायला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लोंबकळता लावतो तो. साहेबांनी हातात धरून विचारलं, "हा सरळ खाली जातो?"

म्हटलं, "गवंड्यांची तरी तक्रार नाही."

"डोंगराच्या पायथ्याशी नेलात तर डोंगर त्याला केसभर स्वतःकडे ओढतो."

मी इकडंतिकडं बघून हळूच म्हणालो, "साहेब, हे महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांना सांगू नका. गवंड्याला भिंती पाडायला लावतील."

साहेब हसले आणि दोन ओळंबे घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात माझी जीपही घेऊन गेले, ड्रायव्हर बाजीरावसकट. मीही अधूनमधून जायचो. दुकान धाकटा भाऊ बघायचा.

*

साहेबांकडं एक पेटी होती. जमीन वस्तूला किती जोरानं ओढते ते मोजणारी. तिला धक्का लागला की आकडे बिघडायचे, म्हणून साहेब ती मांडीवर घेऊन बसायचे. बाजीराव फौजेतून आलेला, एरवी जीप रणगाड्यासारखी हाणायचा. पेटी असली की बैलगाडी पुढं जायची.

औंधजवळ एका म्हातारीनं जीपमागं चालत चालत विचारलं, "आत पेशंट हाय का रं?"

बाजीराव म्हणाला, "व्हय मावशे. लय नाजूक हाय."

म्हातारीनं तिथंच यमाईला हात जोडले. संध्याकाळी परत येताना ती वाटेवर उभी. "आता कसं हाय?"

बाजीराव गडबडला. साहेब मात्र गंभीरपणे म्हणाले, "बरं आहे. सकाळपेक्षा स्थिर."

त्या दिवसाचे आकडे खरंच चांगले आले होते.

*

महाबळेश्वरला साहेबांनी सांगितलं, "शेठ, इथं उंचावर वस्तूचं वजन कणभर कमी भरतं."

समोर स्ट्रॉबेरीवाली तागडी घेऊन बसलेली. साहेबांनी माझी परीक्षा घेतली. "मग स्ट्रॉबेरी इथं घ्यावी की खाली?"

म्हटलं, "कुठंही घ्या. एका पारड्यात स्ट्रॉबेरी हलकी होत असेल, तर दुसऱ्यात माप पण हलकं होणारच की."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. "किती शिकलात तुम्ही?"

"सातवी. पण खिळे तोलण्यात वीस वर्षं गेली."

*

जतकडं एका गावात सरपंचांनी विचारलं, "काय मोजताय?"

"पृथ्वीचा आकार."

"असंल, असंल. पर कालव्याचं पाणी आमच्याकडं वाहील का, तेवढं मोजा."

साहेब खोटं बोलणारे नव्हेत. म्हणाले, "अवघड आहे. तुमचं गाव उंचावर आहे."

सरपंच शेजारच्याला म्हणाले, "बघ गड्या. टँकरला चढ लागतो म्हनून उशीर हुतोय."

*

लाईनीचं शेवटचं टोक त्याच भागातल्या एका माळावरच्या टेकडीवर. तिथं इंग्रजांच्या वेळच्या मोजणीचा दगड होता. वर कोरलेला गोल आणि मधोमध ठिपका. धनगरांनी त्याला कधीच देव केला होता. म्हाळाप्पा नावाचा म्हातारा धनगर रोज तेल-शेंदूर लावायचा. त्यानंच बोटानं शेंदूर बाजूला करून ठिपका दाखवला.

साहेबांनी त्यावर उपग्रहाकडून जागा विचारून घेणारं यंत्र मांडलं. आकडा आला तो इंग्रजांच्या नोंदीपेक्षा दीड हातानं चुकीचा. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशीही तोच.

साहेबांनी भाकरी तशीच ठेवली. "शेठ, डोंगर हलत नाही. म्हणजे माझी सगळी लाईन चुकली." वहीतला कागद फाडून ऑफिसला पत्र लिहिलं, की हे काम रद्द समजावं. म्हणाले, "जतला पोस्टात टाका."

मी पत्र खिशात घातलं, पण जागचा हललो नाही. म्हाळाप्पा थोड्या अंतरावर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. त्याला विचारलं, "आजोबा, हा देव पहिल्यापासून इथंच हाय का?"

"न्हाई. पुढं ढोल नाचवाय जागा पुरंना. म्हनून म्या न् माझ्या भावानं मागं सरकिवला."

"किती?"

"आसंल दीड हात."

साहेब उठून उभे राहिले.

म्हाळाप्पा म्हणाला, "खाली खडकात आनि येक तसलीच खूण हाय. ती काय उचलंना. म्हटलं, देवाचं मूळ आसंल, ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी हातांनीच माती उकरली. वीतभर खाली, खडकात, गोल आणि ठिपका. यंत्र त्यावर मांडलं. दुपारपर्यंत आकडा आला आणि जुळला. मी खिशातलं पत्र काढून साहेबांना दिलं. त्यांनी त्याची घडीवर घडी घातली आणि म्हाळाप्पाशेजारी जमिनीवर बसले.

"आजोबा, तीन दिवस तुम्ही इथंच होता. आधी का नाही सांगितलं?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "आवं साहेब, तीन दिस बघतुय की. तुमी त्या डब्याला पुसताय, वहीला पुसताय, आभाळाला पुसताय. मला कवा पुसलंत?"